तिला बोलता येत नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीटसं कळत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन विरारला आले आणि किनाऱ्यालगतच्या एका गावात प्राथमिक शाळेवर रुजू झाले. वर्गातली बरीचशी मुलं कोळ्यांची. त्या वर्षी आम्हाला नव्या पद्धतीचं प्रशिक्षण मिळालं होतं. मुलांना गोलात बसवा, गटात काम द्या, त्यांना बोलू द्या, घरच्या बोलीला हसू नका. मला ते पटलं होतं. अगदी मनापासून पटलं होतं — हेच तर सांगायला जड जातंय.

चौथीत दर्शना होती. तिची आई मासळी विकायची. दर्शनाचं तोंड दिवसभर बंद नसायचं. बोंबील ढगाळ हवेत का वाळत नाहीत, बाईंच्या गावाला समुद्र का नाही, भरती कुठे निघून जाते — प्रश्नावर प्रश्न. आणि सगळे तिच्या घरच्या बोलीत. पाण्याला ‘पानी’, शाळेला ‘शाला’.

मग निरोप आला, शिक्षण खात्याचे साहेब आमच्या वर्गावर पाठ बघायला येणार. मी विषय निवडला पाणी. आदल्या दिवशी दर्शनाला व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं, उद्या तू तोंड उघडायचं नाहीस. तिनं विचारलं, का? मी म्हणाले, साहेबांसमोर शुद्ध बोलावं लागतं. तिनं मान डोलावली. रुसली नाही, काही नाही.

पाठ छान रंगला. आणि शेवटी साहेब उठले, ते नेमके दर्शनासमोर जाऊन वाकले. तुमच्या घरी पाणी कुठून येतं, असं त्यांनी विचारलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

“तिला बोलता येत नाही, साहेब,” मी म्हणाले.

मला काय म्हणायचं होतं? नीट बोलता येत नाही, शुद्ध बोलता येत नाही — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. पण साहेबांचा चेहरा एकदम हळवा झाला, आणि त्यांना काय वाटलं ते मला त्याच क्षणी समजलं. एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प राहिले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुक्या मुलीला चारचौघांत इतक्या सहज सामावून घेणारा वर्ग आपण पाहिला नव्हता, असं म्हणाले. एकही मूल हसलं नाही. सगळी माझ्याकडे बघत होती — नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून दर्शना वर्गात बोलेनाशी झाली. हजेरीला नुसता हात वर करायची. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, हो ना? मी वाट पाहिली. वर्ग शांत झाला होता, आणि मला — कसं सांगू — ते बरं वाटत होतं.

तिची आई एकदा टोपली दाराशी ठेवून आत आली. “बाई, पोर घरी गप बसत नाय,” ती म्हणाली. “शालंत मात्र बोलत नाय म्हनं. तिला कोन काय बोललं का?”

मी म्हणाले, कुणी काही नाही. लाजते ती.

परीक्षेच्या आधी साहेब पुन्हा आले, दुसऱ्या शाळांतले शिक्षक घेऊन. आमचा वर्ग दाखवायला. ते सरळ दर्शनाकडे गेले, तिच्याशी हातवारे करून बोलू लागले. आता ही बोलणार — आणि बोलूच दे, असंही वाटून गेलं. दर्शनानं बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. नाही. मग माझ्याकडे बघून हसली.

ती मला वाचवत होती. नऊ वर्षांची पोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.

पाचवीला ती पुढच्या शाळेत गेलीच नाही. मला मात्र प्रशिक्षणाला बोलावणी येऊ लागली, आता शिकवणारी म्हणून. मुलांचं ऐका, असं मी शिक्षकांना सांगायचे. आणि माझ्या वर्गातल्या मुक्या मुलीची गोष्ट सांगायचे. हो, सांगायचे. बायका डोळे पुसायच्या.

कितीतरी वर्षांनी विरारच्या मासळीबाजारात मला कुणीतरी मोठ्यानं हाक मारली. दर्शना. तिचा पदर धरून पाचेक वर्षांची मुलगी. तिनं हात पुसले, वाकून माझ्या पाया पडली, भराभरा सगळं सांगितलं — नवरा बोटीवर जातो, सासू बरी आहे. मी नुसती हो हो करत होते.

“पुढल्या वर्षी हिला तुमच्याच शालंत घालनार, बाई,” ती म्हणाली. “दुसरीकडं नाय घालायची.”

मी म्हणाले, छान. आणि सुरमई घेऊन घरी आले.

त्याच आठवड्यात प्रशिक्षण होतं. तिथे मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली.