शेठला गारठा सोसत नाही

चहाच्या आधी ‘पाय वर घ्या’ असं पाहुण्याला सांगणारं अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच घर होतं, आणि ते नेमकं माझ्या थोरल्या साडूंचं होतं. पाहुणा खुर्चीवर टेकला रे टेकला की आतून आक्काचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आवाज यायचा, “पावणं, पाय वर घ्या, शेठ निघालाय!” नवखा माणूस आधी दाराकडे बघायचा. सोन्याची साखळी घातलेलं कुणीतरी बडं प्रस्थ येतंय अशा समजुतीनं तो उठून उभा राहायचा, सदऱ्याचं वरचं बटण लावायचा. आणि मग त्याच्या खुर्चीखालून साडेचार फुटांचा, पाठीवर करवतीसारखे दाते असलेला हिरवागार सरडा कसलीही घाई न करता निघून जायचा. मी पाहुण्यांना खुर्चीवर चढलेलं पाहिलंय. एका चुलत सासऱ्यांनी तर माझ्याच गळ्याला मिठी मारली होती. साडू मात्र घड्याळाकडे बघून शांतपणे म्हणायचे, “त्याची टीव्हीची येळ झाली.”

साडूंचं खोडदला मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी पंचक्रोशीतून त्यांच्याकडे यायच्या. मनुष्य कामाला वाघ, पण त्यांचा सगळा भरवसा उजव्या हाताच्या मागच्या बाजूवर. खिशात मीटर असायचा, तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. खरी परीक्षा म्हणजे मोटारीच्या अंगाला उलटा हात लावायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, “बेअरिंग गेलंय.” ते बेअरिंगच गेलेलं असायचं. हळूहळू ही सवय दुकानाबाहेर पसरली. चहाचा कप, गोठ्यातली म्हैस, शेजाऱ्यांची तापलेली पोरं, ताजी भाकरी, सगळ्यांना उलटा हात. माझ्या लग्नात, मुंडावळ्या बांधून मी पाटावर बसलेलो असताना, या गृहस्थांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला आणि सासऱ्यांना मोठ्यानं सांगितलं, “जरा तापल्यात, पण चालतील.” मांडवातल्या बायका त्यावर किती वेळ हसत होत्या! मी मंचरला शाळामास्तर, वर्गात माझा दरारा. पण साडूंच्या गावी अजून माझी ओळख ‘ते तापलेले’ अशीच आहे.

शेठ त्यांच्याकडे आला तो नव्वदचं दशक सरता सरता. पुण्यात एका बाईंच्या बंगल्यावर पाण्याची मोटार बसवायला साडू गेले होते. बाईंचा मुलगा शिकायला अमेरिकेला गेला होता आणि मागे त्यानं काचेच्या पेटीत हा प्राणी ठेवला होता. बाई त्याला घाबरून आठ दिवस त्या खोलीत गेल्या नव्हत्या. साडूंनी पेटीत हात घातला, उलटा हात लावला आणि त्यांचं काळीज हललं. “बाई, हे गार पडलंय हो! याला कुणी शेकत न्हाई का?” बाईंनी मजुरी दिली, वर तो इग्वाना जातीचा परदेशी सरडाही दिला. तेव्हा तो जेमतेम वीतभर होता. साडू त्याला कोपरीच्या आत, पोटाशी धरून एसटीनं घेऊन आले. हा एवढाच राहतो, असं त्यांनी आक्काला छातीठोकपणे सांगितलं. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; पालीएवढी वस्तू पालीएवढीच राहणार, हा त्यांचा स्वतःचा हिशेब. आक्का म्हणाली, “हे ध्यान जाईल त्या दिवशी मी पेढे वाटीन.” पुढची सात वर्षं हे वाक्य त्या घरात रोज म्हटलं गेलं.

वाइंडिंग भरून वार्निश लावलेली मोटार सुकवायला साडूंकडे पत्र्याची पेटी होती, आत शंभराचे दोन बल्ब. शेठचा पहिला मुक्काम त्या पेटीत. मोठा झाल्यावर साडूंनी भिंतीला फळी ठोकली, वर बल्ब लावला, अंग भाजू नये म्हणून बल्बला जाळी बांधली. त्या उजेडाखाली डोळे अर्धवट मिटून, गळ्याखालची कातडी लोंबती सोडून तो बसायचा, तेव्हा दुपारच्या वेळी गादीवर पेंगणाऱ्या आडत्यासारखा दिसायचा. म्हणून शेठ. सकाळी मेथी किंवा शेवग्याचा पाला, चवीला भोपळ्याची फोड, सणावाराला जास्वंदीचं फूल. नंतर घमेल्यात कोमट पाण्यानं अंघोळ. पाणी आधी साडू उलट्या हातानं तपासणार. त्यानंतर शेठला घर मोकळं. तो फडताळावर चढे, पिशव्यांच्या खुंटीवर लोंबे, आणि संध्याकाळी टीव्हीवर जाऊन बसे, कारण चालू टीव्हीचं डोकं छान तापतं. शेपूट पडद्यावर लोंबायचं. मालिकेतली सून रडायला लागली की नेमकं तिच्या तोंडावर. आक्का फुंकणीनं ते बाजूला सारायची आणि म्हणायची, “मेल्या, तिचं काय चाललंय ते तरी बघू दे!”

गावाच्या दृष्टीनं ती घोरपड होती. कितीही सांगा, घोरपडच. बेल्ह्याच्या बाजाराहून परतताना एक म्हातारे बाबा मुद्दाम वाट वाकडी करून आले. “भाऊ, दोन चमचे तेल द्या याचं. गुडघे लई दुखत्यात.” साडूंनी हबकून शेठला आधी पाठीमागे घेतलं. मग बाबांच्या गुडघ्याला उलटा हात लावला. “गार पडलंत तुमी. तेल नगं, शेक पायजे.” आणि बाबांना शेठच्या फळीखाली, त्याच बल्बच्या उजेडात तासभर बसवलं. बाबांना बरं वाटलं. त्या हिवाळ्यात फळीखाली बाक आला आणि बाकावर रोज तीन-चार गुडघे.

मग कुणीतरी कागाळी केली आणि वनखात्याचा माणूस चौकशीला आला. कागाळी शेजारच्या पोल्ट्रीवाल्या अण्णांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घोरपड अंडी खाते, पिल्लं खाते, आणि अण्णांचा जीव त्यांच्या पिल्लांत. साडूंनी त्या माणसापुढे एक अंडं आणि एक जास्वंद ठेवलं. शेठ अंड्यावरून चालत गेला आणि त्यानं फूल देठासकट खाल्लं. पाहुण्यानं वहीत लिहिलं, ‘सरडा, मोठा, शाकाहारी’, चहा घेतला, जाताना गुडघा शेकला. अण्णांनी मात्र साडूंशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आणि मग तो हिवाळा आला. लोडशेडिंगचे दिवस होते, वीज यायची ती पाहुणीसारखी. त्यात गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, जळाली. तीन दिवस वीज नाही आणि थंडी अशी की बादलीत हात घालवेना. शाळेला नाताळची सुट्टी होती म्हणून मी खोडदला गेलेलो. पाहतो तर शेठचा हिरवा रंग जाऊन काळपट पडलेला, डोळे मिटलेले, मेथी तशीच. साडूंनी चुलीत विटा तापवून पोत्यात गुंडाळून लावल्या होत्या, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या होत्या, स्वतःची कोपरी घातली होती. दर दहा मिनिटांनी उलटा हात लावायचे. एरवी त्या हातानंतर काहीतरी निदान यायचं. त्या सकाळी फक्त एकच शब्द यायचा, “गार.” अख्ख्या गावाच्या मोटारी चालू करणारा हा माणूस हात मांडीवर टाकून बसला होता. मला बघवेना.

आक्का चुलीपुढून उठली. पदर खोचला. “पावणं, स्वेटर वर करा.” मला कळायच्या आत तिनं शेठला उचलून माझ्या स्वेटरखाली घातलं. सात वर्षांत मी त्याला बोट लावलं नव्हतं! भिजल्या पोत्यासारखा गारढोण, जड, आणि काही हालचाल नाही. “चला,” म्हणून ती बांधावरून निघाली ती थेट अण्णांच्या शेडवर. अण्णांकडे आदल्या दिवशीच नवी पिल्लं आली होती. पोत्यांचे पडदे सोडलेले, आत कोळशाच्या शेगड्या. अशा वेळी अण्णा सख्ख्या भावालाही आत घेत नसत. दारात आडवे उभे राहिले.

“वैनी, येडं लागलंय का? माझी पिल्लं हायेत आत.”

“भाऊजी, त्याला अंडंसुदिक चालत न्हाई. तुमीच तर सरकारकडून लिवून घेतलंय.”

अण्णा दारातून हलले नाहीत.

“अवो, ते मरंल,” आक्का म्हणाली. “ह्यांचं काय व्हईल मग?”

अण्णांनी माझ्या स्वेटरच्या गळ्यातून बाहेर आलेलं काळं तोंड बघितलं. मग पडदा उचलला. “रोगराई नगं आत, पाय चुन्यात बुडवून या. आन् दाराशी मी बसणार, काठी घिऊन.”

काठी लागलीच नाही. शेगडीजवळच्या तुसावर शेठला ठेवला. पिल्लं आधी पांगली, मग एकेक परत आली. तासाभरात पाच-सहा त्याच्या पाठीवर चढली होती, एक तर डोक्यावर उभं. दुपार कलली तशी पाठीवर हिरवी झाक आली, आणि शेठनं एक डोळा उघडून डोक्यावरच्या पिल्लाकडे वर पाहायचा प्रयत्न केला. साडू मागून धावत आले होते. त्यांनी उलटा हात लावला, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ ते उघडलेच नाहीत. अण्णाच शेवटी म्हणाले, “कसं हाये?” सहा वर्षांत साडूंशी बोललेला त्यांचा तो पहिला शब्द. साडू म्हणाले, “चालू झालं.” आणि दोघंही नाक ओढत शेगडीकडे बघत बसले. पुढचे हिवाळे डीपी जळो न जळो, शेठचा मुक्काम महिनाभर अण्णांच्या शेडवर असायचा, आणि अण्णा आल्यागेल्याला सांगायचे, “आमचा हाये त्यो.”

शेठ गेला तो चांगला म्हातारा होऊन, भर उन्हाळ्यात, अंगणातल्या उन्हात. गारठ्यानं नाही गेला, हे साडू अजून सांगतात. अण्णांच्या शेडमागे त्याला पुरलं. पेढे कुणी वाटले नाहीत.

परवाच्या थंडीत मी गेलो होतो. फळी तशीच, बल्ब तसाच, खाली बाकावर एक बाबा गुडघे घेऊन बसलेले. टीव्ही आता भिंतीवर टांगायचा आलाय, त्यावर कुणाला बसता यायचं नाही. गप्पा रंगल्या आणि लाईट गेली. साडू आणि आक्का दोघंही एकदम उठले. साडू फळीपाशी पोचले आणि तिथंच थांबले. आक्का आतून चिमट्यात वीट धरून आली, चुलीतली, चांगली तापलेली. दारातच तिला आठवलं. मग तिनं ती वीट पोत्यात गुंडाळली आणि माझ्या खुर्चीपुढे आणून ठेवली.

“पावणं, पाय वर घ्या,” ती म्हणाली. मी मुकाट्यानं पाय विटेवर ठेवले. साडूंनी वाकून माझ्या पावलाला उलटा हात लावला.

“बरं हाये,” ते म्हणाले. “ऊब हाये.”