कुठला धाकटा भाऊ?

औषधांच्या दुकानात सूनबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. डॉक्टरांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर त्या एका नजरेत लावायच्या, कुठली गोळी कुठल्या फळीवर हे झोपेतही सांगायच्या. म्हणूनच घरी जे घडलं त्याने त्या पार चक्रावल्या.

सासऱ्यांची नजर अधू झालेली. उभा जन्म बस चालवण्यात गेलेल्या या माणसाला रहस्यकथांचं भारी वेड. दुकानातून आल्या की सूनबाई त्यांना टॅबवर कादंबरी वाचून दाखवायच्या. बोटाने पडदा सरकवत, खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता.

एकदा चहा पिताना सासरे म्हणाले, "काय गं, त्या धाकट्या भावाने किल्ली तळ्यात का टाकली असेल?"

"कुठला धाकटा भाऊ, बाबा?"

"अगं, काल तूच वाचलंस की!"

वाचलं होतं खरं, पण डोक्यात पाटी कोरी. सूनबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या आईला शेवटी पोटची लेकही ओळखू येत नव्हती. तेच आपल्या नशिबी आलं की काय?

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नाना प्रश्न विचारले आणि हसल्या. "स्मरणशक्ती ठणठणीत आहे. पडद्यावर काही जणांचे डोळे नुसते घसरत जातात. कागदावर वाचून बघा."

सूनबाईंनी वाचनालयातून तीच कादंबरी आणली. काय आश्चर्य! धाकटा भाऊ डाव्या पानावर, तळाशी, अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला. जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी कादंबरीतल्या वकिलाबद्दल विचारलं, तर पुन्हा सगळा अंधार.

"आता खापर कोणावर फोडायचं?" त्या रडकुंडीला आल्या.

"माझ्यावर फोड," सासरे म्हणाले. "आणि आजपासून आधी मागचं सांगायचं, मगच पान उलटायचं."

तसं सुरू झालं. आठवायला लागलं, थोडं थोडं. मग एक दिवस दोघांची चांगलीच जुंपली. गोष्टीतल्या नर्सला पळताना माळ्याने पाहिलं, असं सूनबाईंचं म्हणणं. सासरे 'ड्रायव्हरनेच पाहिलं' यावर अडून बसले.

"बाबा, ड्रायव्हर म्हटलं की तुम्ही त्याचीच बाजू घेणार!"

शेवटी पान काढलं. नर्सला कोणीच पाहिलं नव्हतं.

"मग इतके दिवस आपण वाचतोय तरी काय?" सासऱ्यांनी विचारलं.

सूनबाईंनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग अजून एकदा, सावकाश.