चालू मशीनला हात

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, छातीत पेसमेकर बसला, तेव्हा कंपनीतले लोक आमच्या पिंपरीच्या खोलीत तो बघायला आले. बघण्यासारखं काय होतं? गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा. तरी अण्णा बटणं सोडून दाखवायचे, जणू स्वतःच बनवलाय. हौस दांडगी!

काही महिन्यांत ती हौस विरली. पावलं सुजायला लागली, अर्धा जिना चढला की धाप लागायची. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "मशीन उत्तम चाललंय. पण ठोके कमी ठेवलेत, ते तुमच्या हृदयाला पुरत नाहीत. सेटिंग बदलून थोडे वाढवू, म्हणजे रक्त नीट ढकललं जाईल. पुढच्या आठवड्यात या."

घरी येताच अण्णांनी फतवा काढला, "मी जानार न्हाई."

का, ते सांगेनात. मी वर्गभर पोरं गप्प बसवणारी शिक्षिका, पण या एका माणसापुढे हात टेकले. आईने समजावलं, मी भांडले. ते भिंतीकडे तोंड करून बसले. आणि ठरलेल्या दिवशी सकाळी आपणहून दाढी करून तयार! देवाला नमस्कार केला, आईला म्हणाले, "चल." आम्हा दोघींना बरं वाटलं.

तपासणीच्या खोलीत ते डोळे मिटून आडवे झाले, आईचा हात घट्ट धरून. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी तोवर पाहिला नव्हता. डॉक्टरांनी वायर लावलेली एक चकती शर्टावरूनच छातीवर ठेवली, शेजारच्या डब्यावरचं बटण दाबलं. "झालं."

अण्णांनी एक डोळा उघडला. "बंद कधी केलं?"

"काय बंद?"

"मशीन. आधी बंद करायचं, मग सेटिंग बदलायचं, मग पुन्हा सुरू. तसंच असतंय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांचं आयुष्य कंपनीत लेथवर, लोखंड कातण्याच्या मशीनवर गेलं. चालू लेथचा गिअर बदलायचा नाही, पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे त्यांनी कितीतरी नवख्यांना दरडावून शिकवलं होतं. म्हणजे हा माणूस आज हृदय बंद करून घ्यायला आला होता, परत सुरू होईल की नाही हे माहीत नसताना. डॉक्टर हसले. मला हसू येईना.

परतीच्या बसमध्ये आईने विचारलं, "एवढी भीती होती, तर आलात कशाला?"

"खालच्या नळावरनं माझ्या वाटणीचं पानीबी तूच वर चढवतीस. बघवंना."



हळूहळू सूज उतरली, धापही कमी झाली. मग एका सकाळी अण्णांनी नळावर जाऊन बादली उचलली. मी अडवायला धावले, तर आईने मला दंडाला धरून थांबवलं. ते वर पोचेपर्यंत ती जिन्याखाली उभी राहिली. मग तिथेच पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.