मालनबाईंचा पहिला धडा

मुलुंडच्या एका शाळेत मालनबाई परबांनी तीस वर्षं शिकवलं आणि एकच नियम पाळला: पहिला धडा पक्का झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. त्या नियमाने कितीतरी पोरं मार्गी लागली. बाईंचा मात्र त्यानेच घात केला.

त्यांचा एकुलता एक मुलगा नंदकुमार बोटीवर इंजिनिअर होता. लग्न करून तो मेक्सिकोतच राहिला आणि शहाऐंशी साली तिथेच अपघातात गेला. मागे बायको आणि सहा वर्षांची इनेस. बाईंनी नात फोटोतच पाहिलेली. सून आता दुसरं लग्न करून दुसऱ्या गावी जाणार होती. त्याआधी एकदा, दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी, नात आजीशी फोनवर बोलेल, पण तिला फक्त स्पॅनिश येतं, असं नंदकुमारच्या मित्राने कळवलं. हातात दोन महिने होते.

जवळच्या चर्चमध्ये एक म्हातारे स्पॅनिश फादर होते. बाई वही घेऊन त्यांच्यापुढे बसल्या. मुलीशी बोलायचं म्हणजे शाळेबद्दलच, त्यांना दुसरं काय सुचणार! शिकवणारा पुरुष असेल तर ‘एल माएस्त्रो’, बाई असेल तर ‘ला माएस्त्रा’. कॉलेजात ‘प्रोफेसोर’ आणि ‘प्रोफेसोरा’. विद्यार्थ्याला मात्र ‘एस्तुदियान्ते’, मुलगा असो की मुलगी, तोच शब्द. आधीचं एल किंवा ला तेवढं बदलायचं. वय झालेलं, गोंधळ व्हायचा.

“बाई, एल-ला काय धरून बसलाय? घरातले शब्द शिका ना आधी!” शेजारची कुंदा म्हणाली.

“तो दुसरा धडा आहे गं.”

फोन कुंदाच्या घरी आला. बाईंनी घोकलेला प्रश्न विचारला, तुला शिकवायला कोण आहे? “ला माएस्त्रा,” पोर म्हणाली. बाई हरखल्या. मग इनेसने काहीतरी विचारलं. त्यातलं ‘पापा’ एवढंच कळलं. बाईंनी डोक्यात शोधाशोध केली.

“सोय माएस्त्रा,” त्या म्हणाल्या. मी शिक्षिका आहे.

पोरीने पुन्हा तेच विचारलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. लाइन तुटली.

कानावर पडलेलं त्यांनी मराठी अक्षरांत लिहून फादरांना वाचून दाखवलं. “बाबा लहानपणी कसे होते, असं विचारलंय तिने,” फादर म्हणाले.

बाई तिथेच ओक्साबोक्शी रडल्या. नंदू त्यांच्याच वर्गात होता. वर्गात आई म्हणायचं नाही, असा त्यांचा हुकूम, म्हणून बिचारा घरीही चुकून ‘बाई’ म्हणायचा. खडू खायचा. हे सगळं फादरांनी स्पॅनिशमध्ये लिहून दिलं, पत्र गेलं. उत्तराची वाट पाहत बाई शिकत राहिल्या.

पाच महिन्यांनी पत्र न फोडताच परत आलं. बाईंनी ते उघडून स्वतःच वाचलं. एकही शब्द अडला नाही.