लाल डब्यांची सवय

वऱ्हाडातल्या एका यार्डात मी गाड्यांना इंजिन जोडायचं काम करते. कोणतं यार्ड ते सांगत नाही, नोकरी करायची आहे अजून. अमरावतीला सासरी कोणी विचारलं तर नवरा "रेल्वेत आहे" एवढंच सांगतो आणि विषय बदलतो.

सगळं डबा कोणता त्यावर असतं. नव्या लाल डब्यांना मधोमध लोखंडी पंजा असतो. इंजिन येऊन आदळलं की पंजात पंजा अडकतो. मग शंटर, म्हणजे यार्डातलं इंजिन चालवणारा, इंजिन जरा मागे ओढून बघतो. बसलं नसेल तर परत आणून टेकवतो. तोवर मी बाहेर. जुन्या निळ्या डब्यांचं तसं नाही. इंजिन टेकलं की दोघांच्या मधे शिरायचं, जड कडी हातांनी उचलून आकड्यात टाकायची आणि पिळून घट्ट करायची. दोन्ही बाजूंना बफर, ताटाएवढ्या लोखंडी चकत्या. मी बाहेर येऊन हात दाखवेपर्यंत इंजिन हलवायचं नाही, हा नियम. तरी त्या जागेची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते.

तो सगळा आठवडा लाल डब्यांचाच गेला. शनिवारी दुपारी निळे आले. ऊन मी म्हणत होतं. इंजिन टेकलं, मी वाकून आत शिरले. कडी उचलली आणि इंजिन मागे सरकलं.

शंटरचा हात सवयीनं चालला होता. गडी ओढून बघत होता! जोडणी झाली नाही हे कळल्यावर तो काय करणार, मला ठाऊक होतं. बाहेर पळायला वेळ नव्हता. ओरडावं तर आवाज निघेना. मेले, एवढंच मनात आलं आणि मी रुळांमधल्या खडीवर पालथी पडले. वर बफर आदळले. तो दणका दातांत उतरला.

रांगत बाहेर आले तेव्हा शंटर खाली उतरून धावत येत होता. निवृत्तीला टेकलेला माणूस.

"काहून आत होत्या वो बाई?"

"निळे हायेत, भाऊ! निळे!"

त्यानं डब्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

जोडणी अजून व्हायचीच होती. मी सरळ सांगितलं, "मी नाई जात आता."

"राऊ द्या. मी जातो."

त्यानं इंजिन बंद केलं, ब्रेक लावले, चाकांखाली ठोकळे सरकवले आणि स्वतः आत शिरला. इंजिनात कोणीही नव्हतं. ते हलणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दोन चकत्यांमध्ये त्याची वाकलेली पाठ दिसली आणि माझा धीर सुटला. "भाऊ, निंगा! निंगा बाहेर!" तो काम उरकून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तरी मी ओरडतच होते.