शरणप्पाची मोरी

गजराबाई मोठ्या मनाची होती असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. ती खुनशी होती, आणि त्या खुनशीपणामुळेच धाराशिवातली आमची लोणार गल्ली जागेवर राहिली.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट, सन चव्वेचाळीसची. गल्लीत चुना भाजणाऱ्यांची तीस घरं आणि वर चढाला आडत्या शरणप्पाचा वाडा. वाड्याच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं आमच्या दारांतून वाहायचं. त्या साली पटकीची साथ आली आणि गजराबाईचा नवरा गेला. तेरावा व्हायच्या आत शरणप्पानं तहसिलीत अर्ज दिला, की गल्ली घाण आहे, माणसं मरताहेत, ती उठवून गावाबाहेर न्यावी. जागा त्याला सरकीच्या गोदामासाठी हवी होती. पुरावा म्हणून त्यानं गजराबाईच्या नवऱ्याचं नाव घातलं होतं. हे कळलं आणि ती रडायची थांबली.

तहसीलदार आले तेव्हा तिनं महिन्याची मुदत मागून घेतली. तोवर गल्ली साफ दिसली नाही तर घरं पाडू, असं ते बजावून गेले.

मग तिनं आम्हाला जुंपलं. ज्यानं त्यानं आपल्या दारापुढची नाली बांधायची. पण घाई करू देईना. गुळाचं, हिरड्याचं पाणी घालून बैलाच्या घाण्यात मळलेला चुना पंधरा दिवस मुरला, तेव्हाच तिनं थापी हातात दिली. आपल्या मोरीला फुकटात वाट होतेय, असं वाटून शरणप्पा वरून हसत होता. तपासणीच्या दोन दिवस आधी तिनं नालीच्या वरच्या तोंडाशी, अगदी त्याच्या भिंतीलगत, दगडाचा पक्का बांध घातला.

तहसीलदार परत आले तेव्हा गल्ली पांढरीशुभ्र होती आणि वाड्याच्या अंगणात घोट्याएवढं काळं पाणी तुंबलं होतं. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"घाण कुणाची हाय ती बघा, साहेब," गजराबाई म्हणाली. "आमी हितून हलणार न्हाय."

अर्ज फेटाळला गेला. अंगणातच खड्डा खणून पाणी जिरव, असा शरणप्पाला हुकूम झाला. पण खाली सगळा काळा पाषाण, आणि तो फोडणारे आम्हीच. एकही माणूस गेला नाही. शेवटी तो तिच्या दारात येऊन बांध फोड म्हणून गयावया करू लागला. मला तर फार बरं वाटलं.

"माझ्या माणसाचं नाव लिवताना हात कापला न्हाय तुमचा," ती म्हणाली. "आता त्याच हातानं उपसा."

ती घाण उचलायला गडीही मिळेना, म्हणून त्यानंतर रोज सकाळी शरणप्पा स्वतःच धोतर खोचून, बादल्या भरून ओढ्यापर्यंत नेऊन ओतायचा. वाट आमच्याच गल्लीतून. तो दारावरून गेल्याशिवाय गजराबाई चूल पेटवत नसे.