कॅप्टनच्या फळ्या

शहरबस चालवणाऱ्या त्या बाईला डेपोत सगळे ‘कॅप्टन’ म्हणत, कारण सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याबरोबर कॅटमरानच्या शर्यतीत उतरायची. दोन निमुळत्या नावा आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, मध्ये ताणलेली जाळी, वर एकच शीड. आणि प्रत्येक नावेच्या पोटातून पाण्यात उतरणारी एक उभी फळी. शीड नि सुकाणू तिच्याकडे, फळ्या नवऱ्याकडे, अशी वाटणी होती.

पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नवऱ्याला होडीबंदी केली.

“विकून टाकू,” तो म्हणाला.

“विकायला काय झालं? मी एकटी नेईन.”

“आणि फळ्या कोण बघणार?”

“मीच. मला काय हात नाहीत?”

मग सराव सुरू झाला. तो धक्क्यावर खुर्ची टाकून सूचनांचा भडिमार करी. वाऱ्याच्या तोंडावर चढताना फळ्या पार खाली, नाहीतर होडी आडवी घसरते. वारा पाठीवर आला की वर, नाहीतर उगाच पाणी अडवतात. ती नुसतं हं हं करायची. सुकाणू सोडून पुढे सरकताना कितीदा तरी पाण्यात पडली, पण हट्ट सोडला नाही.

शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात वारा बाजूने आला आणि एकाएकी पिसाळला. बाकीचे तसेच रेटत निघाले. हिने मात्र शीड सैल सोडलं. धक्क्यावरून नवरा दुर्बिणीतून बघत होता.

“गेली हातची,” तो पुटपुटला.

ती रांगत गेली, एक फळी अर्धी वर ओढली, मग दुसरी, आणि सुकाणूपाशी परतली. तोवर बरेच जण पुढे गेले होते.

पुढच्याच झोताला त्यांच्यातली एक होडी खोल फळ्यांवर अडखळून कलंडली, पाठोपाठ दुसरी. बचावाची बोट त्यांच्याकडे धावली. कॅप्टनची होडी तेवढी जराशी आडवी सरकली आणि झोत पचवून सुसाट सुटली. शर्यतीत ती दुसरी आली.

“हे मी कधी शिकवलं नव्हतं,” किनाऱ्यावर नवरा म्हणाला.

“भरलेली बस वळणावर कलायला लागली की रेटून चालत नाही,” केस पिळत ती म्हणाली. “तिला जरा सैल सोडावं लागतं.”

होडी उचलायला तो वाकला. तिने डोळे वटारले, तसा सरळ झाला. मग छाती फुगवून शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, “जरा हात लावता का? कॅप्टनची होडी आहे.”